पिंडारी हिमनदीची पदयात्रा : वैद्याने करावयाची पूर्वतयारी



कर्जत व खालापूर तालुक्यांतील काही वैद्य आणि औषधालयचालक यांचा मनोदय आहे की, कुटकी, अतिविषा, जटामांसी यांसारखी जी द्रव्ये आपण वर्षानुवर्षे गोणीतून आलेली पाहतो, ती एकदा त्यांच्या जन्मभूमीत उभी असलेली पाहावीत. त्यासाठी कुमाऊँमधील पिंडारी हिमनदीचा मार्ग निश्चित झाला असून, प्रकृतिपरीक्षणाची व औषधपेटीची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे आली आहे. शिळफाट्यावरील माझ्या चिकित्सालयात हिमालयात निघालेले रुग्णही दर उन्हाळ्यात “उंचीवर त्रास होऊ नये म्हणून काही द्या” अशी मागणी घेऊन येतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे ते येत असणार. म्हणून या तयारीच्या निमित्ताने झालेला विचार आपणांपुढे ठेवीत आहे.

चरकसंहितेचा आरंभच मुळी हिमालयाच्या कुशीत जमलेल्या ऋषींच्या परिषदेने होतो, आणि सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य द्रव्यांच्या गणनेत औषधिभूमींमध्ये हिमालयास श्रेष्ठ म्हटले आहे. परंतु या गौरवामुळे वैद्याला तेथे काही विशेष संरक्षण लाभते असे नाही. आपण सारे आनूप प्रदेशाचे रहिवासी. खोपोली-कर्जतची वस्ती समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरच्या आसपास, हवा दमट, पाऊस मुसळधार. पिंडारीच्या ‘झिरो पॉइंट’ची उंची सुमारे ३,६५० मीटर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात घटतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. आपल्या भागात डोंगर चढणाऱ्यांची वाण नाही. कोंडिवड्याहून राजमाची, खांडसहून भीमाशंकर, पेठचा कोथळीगड, इर्शाळगड हे आपल्या तरुणांच्या पायाखालचे. त्यामुळे “भीमाशंकर चढलो, म्हणजे हिमालयासही हरकत नाही” असा हिशेब मांडला जातो. तो पायांपुरता खरा आहे, उंचीपुरता नाही. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, आणि उंचीचा आजार साधारणतः २,५०० मीटरच्या वर संभवतो. म्हणजे अवघ्या महाराष्ट्रात असे एकही स्थान नाही जेथे आपले शरीर उंचीला कसे सामोरे जाईल याची परीक्षा घेता येईल. शिवाय उत्तम व्यायामपटूसही हा आजार होतो. किंबहुना तो वेगाने चढत असल्यामुळे त्याला लवकर होण्याचा संभव असतो.

प्रवासात वाचण्यासाठी एकच अध्याय न्यावयाचा झाल्यास मी चरक सूत्रस्थानातील सातवा, ‘नवेगान्धारणीय’, सुचवेन. त्यात तेरा अधारणीय वेगांमध्ये श्रमश्वासाची गणना आहे, आणि तो रोखल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. चढावर धाप लागली असता सोबत्यांपुढे संकोच नको म्हणून श्वास दाबून चालणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी एवढे पुरे. त्याच अध्यायात अतिव्यायामाच्या उपद्रवांत प्रतमक, कास, छर्दी, रक्तपित्त यांची नावे येतात. हे साम्य पाहून आपल्या आचार्यांना उंचीचा आजार ज्ञात होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. संहितेत तो आजार तसा वर्णिलेला नाही. परंतु तेथेच सांगितलेला पादांशिक क्रम, म्हणजे सवयीचे सोडणे व नव्याचे स्वीकारणे एकेका चतुर्थांशाने आणि मध्ये दिवसांचे अंतर ठेवून करावे हा नियम, उंची चढण्याच्या आधुनिक नियमाशी विलक्षण जुळतो. तो नियम असा की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपण्यास हरकत नाही. मोजायची ती झोपेची उंची.

या दृष्टीने पिंडारीचा मार्ग सोयीचा आहे आणि म्हणूनच तो निवडला. काठगोदामपर्यंत रेल्वे, तेथून अल्मोडामार्गे बागेश्वर. बागेश्वर सुमारे १,००० मीटरवर. तेथून कपकोटवरून जीपने खर्कियापर्यंत आणि पुढे पायी खाती या शेवटच्या गावात, सुमारे २,२०० मीटरवर. त्यापुढे पिंडर नदीच्या काठाने द्वाली सुमारे २,६०० मीटर, फुर्किया सुमारे ३,२०० मीटर आणि मग हिमनदीचे दर्शन. आमच्या आराखड्यात खाती येथे दोन रात्री, द्वालीस एक व फुर्कियास दोन धरल्या आहेत. घाईने येणारे गट हाच प्रवास दोन रात्री वाचवून करतात, पण ती काटकसर मला मान्य नाही. याउलट मुंबईहून विमानाने एका झेपेत लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, उतरणाऱ्या आपल्या रुग्णांना तरी पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांतीची सक्त ताकीद द्यावी.

आता प्रकृतिपरीक्षणाविषयी. आमच्या गटातील बहुतेक जण पंचेचाळीस ते साठ वयाचे. दोघांना रक्तदाब, एकास मधुमेह, आणि एका ज्येष्ठ वैद्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा यंत्रे वर जाऊ शकत नव्हती आणि माणसांनाच अंधारात, पावसात, चिखलातून चढावे लागले. मदतीस निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढावरच अंत झाला. खालापूर तालुक्यात हे वेगळे सांगावयास नको. तो चढ फार उंचीवरचा नव्हता. तेव्हा चाळिशीपुढील प्रत्येकाने हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी व श्रमचाचणी करून घ्यावी असे मी लेखी कळविले. वैद्यांनाच ही अट कशासाठी, असा नाराजीचा सूर निघाला. नाडीपरीक्षेवर माझी श्रद्धा आहे, परंतु ती विश्रांत अवस्थेत होते आणि धोका श्रमात असतो. ज्येष्ठ वैद्यांशी मी समक्ष बोललो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी खातीपर्यंत जाण्यास अनुमती दिली आहे, पुढे नाही. ते म्हणाले, “चाळीस वर्षे कुटकी विकली. एकदा जमिनीत पाहायची होती.” मी त्यांना खातीतच थांबण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे यात्रेपुरती बंद करावीत असा सल्ला मात्र आपल्यापैकी कोणीही, कोणालाही देऊ नये.

व्यायामाची तयारी तीन महिने आधी सुरू व्हावी. सुश्रुत व वाग्भट यांनी सांगितलेला अर्धशक्ती व्यायाम येथे मापदंड म्हणून उत्तम आहे. कपाळ, नाक, काखा येथे घाम आणि मुखास कोरड, एवढ्यावर थांबावे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की गती कमी करावी.

आहाराबाबत एक सूक्ष्म मुद्दा आहे. हेमंत ऋतुचर्येत अग्नी प्रबल असल्यामुळे गुरु-स्निग्ध आहार विहित आहे, म्हणून थंड प्रदेशात जाताना मेथीचे लाडू, तूप, सुकामेवा यांनी पिशव्या भरल्या जातात. परंतु अतिउंचीवर भूक मंदावते असा सर्वांचा अनुभव. थंडी हेमंताची आणि अग्नी जणू वर्षा ऋतूतला. तेथे उष्ण, द्रव, लघु असे थोडे थोडे पुनःपुन्हा घ्यावे. भाताची पेज, मऊ खिचडी, सुंठ घातलेले गरम पाणी, खजूर, राजगिऱ्याची वडी. लाडू न्यावेत, पण ते खातीपर्यंत संपवावेत!

औषधपेटीत मी पुढील द्रव्ये घेतली आहेत. त्रिफळा, कारण पाणी कमी प्यायल्याने मलावरोध ठरलेला. सुंठ. सितोपलादि. कोरड्या वाऱ्याने नाक फुटते म्हणून प्रतिमर्श नस्यासाठी अणुतैल. ओठ व गालांसाठी शतधौत घृत. रात्री पायांना लावण्यास तिळतेल. वगळलेल्या द्रव्यांची कारणे अधिक महत्त्वाची आहेत. त्रिभुवनकीर्ती, मृत्युंजय, संजीवनी या वत्सनाभयुक्त योगांना मी पेटीत स्थान दिलेले नाही. वत्सनाभाची क्रिया हृदयगतीवर होते, आणि धडधड औषधाची की उंचीची हा गोंधळ तंबूत नको. सर्पगंधा व कोणतेही निद्राकर द्रव्य नाही, कारण झोपेत श्वास आधीच अनियमित होतो. मद्य अर्थातच नाही.

शिलाजतूविषयी सर्वाधिक विचारणा होते. ते उत्तम रसायन आहे. परंतु त्याने उंचीचा आजार टळतो असे सांगण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. वनस्पतिज द्रव्यांच्या बाबतीत सावध राहण्यास आणखी कारण आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या वाटेवर गिंको या वनस्पतीची मोठी तुलनात्मक चाचणी झाली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गिंकोचा उपयोग दिसला नाही, ॲसिटाझोलामाइडचा दिसला. हे औषध सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, चढणीच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तज्ज्ञास विचारल्याविना घेऊ नये. ज्यांना जोखीम अधिक त्यांनी ते आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, असे मी स्पष्ट सांगतो. यात आपल्या शास्त्राचा अधिक्षेप नाही.

खरा धोका निदानात आहे. उंचीवर डोके दुखले, मळमळले, चक्कर आली, तर आपले मन लगेच अम्लपित्त, अजीर्ण, वातज शिरःशूल यांकडे वळते. सूतशेखराची मात्रा दिली जाते आणि मंडळी वर निघतात. नेमके हेच होता कामा नये. अन्य कारण सिद्ध होईपर्यंत उंचीवरील प्रत्येक अस्वास्थ्य उंचीचेच समजावे व पुढे चढू नये. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आले नाही, बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूस सूज येत आहे. बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेसाळ कफ असेल, तर फुप्फुसांत द्रव साचत आहे. अशा वेळी रात्र असो वा पाऊस, रुग्णाला खाली नेणे हीच प्रथम चिकित्सा. फुर्कियाहून द्वाली सुमारे पाच किलोमीटर व सहाशे मीटर खाली आहे. तो उतार अंधारात करावा लागेल असे गृहीत धरूनच खातीहून वाटाडे व खेचर सोबत घेत आहोत. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखविली अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. डोंगर ज्याच्या रोजच्या पायाखाली, त्याचे ऐकावे.

हिमदंशाबाबत विशेष इशारा. बधिर, पांढऱ्या पडलेल्या बोटांना अभ्यंग करू नये, चोळू नये, शेकोटीही देऊ नये. ते पुन्हा गोठणार नाहीत अशा जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंश सेल्सिअस कोमट पाण्यात बुडवून ठेवावेत.

ऋतू कोणता, यावर बराच खल झाला. मे-जूनमध्ये कोवळे अंकुर दिसतात. ऑक्टोबरात मूळ पक्व होते आणि आकाश निरभ्र असते. पावसाळा वर्ज्यच, कारण २०१३ च्या जूनमधील पुरात या वाटेवरील पूल वाहून गेले होते, आणि तेथील विश्रामगृहांची व पुलांची स्थिती आजही निघण्यापूर्वी कुमाऊँ मंडल विकास निगमाकडे विचारून घ्यावी लागते. तथापि निर्धोक महिना असा नाहीच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रताल मार्गावर वादळात सापडून कर्नाटकातील गटातील नऊ जण दगावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये पिंडारीच्या शेजारच्याच सुंदरढुंगा खोऱ्यात पश्चिम बंगालचे पाच पदयात्री हिमवादळात गेले. त्या वेळी हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा आधी दिलेला होता. आम्ही ऑक्टोबरचा पूर्वार्ध धरला असून इशारा असल्यास खातीच्या पुढे जायचे नाही असे ठरले आहे. हिमनदी मागे हटत चालली आहे, कडा ढासळत्या आहेत. म्हणून झिरो पॉइंटवरूनच दर्शन घेऊन परतायचे, बर्फावर उतरायचे नाही.

औषधालयचालक बंधूंसाठी चार शब्द. आरोग्यवर्धिनीत कुटकी अन्य सर्व घटकांच्या एकत्रित वजनाइतकी पडते, बालचतुर्भद्रात अतिविषा आहे. या दोन्हींचे उपयोगी अंग जमिनीखाली असल्याने काढणी म्हणजे झाडच उपटणे. कुटकी व जटामांसी यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित आहे, कुष्ठ तर पहिल्या परिशिष्टात आहे. अष्टवर्गासाठी भावप्रकाशाने शतावरी, विदारी, अश्वगंधा व वाराहीकंद हे प्रतिनिधी सांगून ठेवले आहेत, त्यामुळे त्या कंदांचा शोध घेत बुग्याल उकरण्याचे कारण नाही. तालीसपत्र मात्र डोळसपणे पाहून घ्यावे. त्या नावाने बाजारात तालीस वृक्षाखेरीज थुनेरचीही पाने येतात, आणि थुनेर विषारी आहे. दोन्ही झाडे शेजारी उभी दिसली, तर पानांच्या मांडणीतील भेद आयुष्यभर विसरणार नाही.

वाटेत काहीही उपटायचे नाही, असे सर्वांकडून कबूल करून घेतले आहे. छायाचित्रे काढायची आणि प्रत्येक वनस्पतीची उंची, उतार व सहचर झाडे यांची नोंद करायची. ज्येष्ठ वैद्य खातीत थांबतील तेव्हा गावातील कोणी परड्यात कुटकी लावली असल्यास ती पाहून घेतील, आणि दोन्ही टिपणे परतल्यावर एकत्र करायची आहेत. यात्रेस येऊ इच्छिणाऱ्यांनी हृदयतपासणीच्या अहवालासह जुलैअखेरपर्यंत कळवावे.