गच्चीवरचं गरम पाणी नळाला लवकर येण्यासाठी

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत सोलर गच्चीवर आणि पहिली आंघोळ तळमजल्यावर. एक इंची जीआय पाइपच्या 15 मीटरमध्ये साधारण साडेआठ लिटर पाणी मावतं. रात्रभर थंड झालेलं हे पाणी रोज सकाळी मोरीत जातं, आणि उन्हाळ्यात पाणीकपात असताना ते फार खुपतं.

उपाय म्हणजे खालून टाकीकडे परतीची लाइन आणि तिच्यावर छोटा सर्क्युलेशन पंप. इथे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर हवी, हा समज चुकीचा आहे. लाइन पाण्याने भरलेली आणि परतीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेल, तर पंपाला पाणी उचलावं लागत नाही. फक्त पाइपमधल्या घर्षणावर मात करावी लागते. त्यामुळे छोट्या इमारतीला बहुधा 25 ते 50 वॅट पुरतात.

पंपाची बॉडी स्टेनलेस स्टील किंवा ब्रॉन्झचीच घ्या. ताज्या पाण्यात बिडाची बॉडी गंजते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाळू नका, नाहीतर पंप बंद असताना नळ उघडला की परतीच्या लाइनमधून पाणी उलटं येतं. टायमर पहाटेपुरता लावा, सोबत थर्मोस्टॅट असला तर उत्तमच.

पण आधी जुनी लाइन तपासा. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने आतून क्षार धरलेल्या पाइपवर पंपाचा खर्च वाया जातो. तिथे सीपीव्हीसी टाकून वरून इन्सुलेशन करणं हेच पहिलं काम.