इंग्रजी ‘को-’ आणि मराठी ‘सह-’

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ साली झाली आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार व धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेमुळे ‘सहकार’ हा शब्द अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात घरोघरी रुजला. ‘को-ऑपरेशन’ या इंग्रजी शब्दाचा तो प्रतिशब्द होय. तथापि ‘को-’ आणि ‘सह-’ हे सर्वस्वी समानार्थी आहेत काय, हा प्रश्न परिभाषा घडविणाऱ्यास टाळता येत नाही. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार केला आहे.

‘को-’ चे मूळ लॅटिन ‘कुम्’ म्हणजे ‘सोबत’ या शब्दात आहे. उपसर्ग म्हणून त्याचे रूप पुढील वर्णानुसार ‘कॉम्-’, ‘कॉन्-’, ‘कॉल्-’, ‘कॉर्-’ असे बदलते आणि स्वरापूर्वी ‘को-’ एवढेच उरते. संस्कृत ‘सम्’ची संधीतील वागणूक अशीच आहे. दोहोंची व्युत्पत्ती भिन्न असली तरी कार्य एक आहे. ‘एकत्र’ या अर्थाखेरीज ‘पूर्णपणे’ हा अर्थही दोघे दाखवितात. लॅटिनमधून आलेला ‘कम्प्लीट’ आणि आपला ‘संपूर्ण’ ही त्याची बोलकी जोडी होय. म्हणूनच ‘कमिटी’ला ‘समिती’ आणि ‘कन्सेंट’ला ‘संमती’ हे प्रतिशब्द सहज रुळले. याउलट ‘को-’ हे रूप इंग्रजीत पुढे स्वतंत्र झाले व कोणत्याही नामास लागू लागले. त्यासाठी मराठीने ‘सह-’ निवडला: सहशिक्षण, सहलेखक, सहप्रवासी.

‘सम्’ आणि ‘सह’ यांतील भेद येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते. पुढे वाहते ती केवळ गोदावरी. ‘सम्’मध्ये असे एकरूप होणे संभवते. ‘सह’मध्ये दोन्ही घटक पृथक् राहतात, मात्र ते समान पायरीवर असतातच असे नाही. पाणिनीने ‘सह’च्या योगात अप्रधान पदास तृतीया सांगितली आहे. मराठीतही ‘मुलांसह आई आली’ या वाक्यात क्रियापद आईच्या मागे जाते. ‘आई आणि मुले आली’ या वाक्यात तसे होत नाही. न्यायशास्त्रातील ‘सहकारी कारण’ म्हणजे तर मुख्य कारणास केवळ साहाय्य करणारे कारण. सारांश, परंपरेत ‘सह’चा कल गौणत्वाकडे आहे.

मग सहकारी संस्थेतील सभासद समान कसा? ही समानता उपसर्गातून आलेली नाही. ती संस्थेच्या नियमातून आली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम २७ मधील सर्वसाधारण तत्त्व असे की, सभासदाचे भाग कितीही असोत, त्याचे मत एकच. या व्यवहाराने जुन्या शब्दात नवा अर्थ भरला. पदनामांत मात्र जुना अर्थ टिकून आहे. ‘सहसचिव’ हा सचिवाच्या बरोबरीचा नव्हे. तो त्याच्या हाताखालचा अधिकारी असतो. येथे ‘सह-’ हा ‘को-’ ऐवजी ‘जॉइंट’चा प्रतिशब्द आहे, हेही विसरता कामा नये. खुद्द इंग्रजी ‘को-’ सुद्धा निर्दोष नाही. ‘को-ऑथर’ समान असतो, ‘को-पायलट’ दुय्यम असतो. त्रिकोणमितीतील ‘कोसाइन’मधील ‘को-’ तर ‘कॉम्प्लिमेंट’ म्हणजे कोटिकोन या शब्दाचा संक्षेप आहे. तेथे ‘सह-’ योजणे ही चूक ठरेल. ‘कोटिज्या’ या आपल्या जुन्या संज्ञेतील ‘को’शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे होय.

अशा स्थितीत एक साधी कसोटी उपयोगी पडते. संबंध उलटवून पाहावा. अ हा ब चा सहलेखक असेल तर ब हाही अ चा सहलेखक असतो. तेथे ‘सह-’ समानतेचा वाचक आहे. सहसचिवाचा सचिव हा काही ‘सहसचिव’ होत नाही. तेथे ‘सह-’ पायरी दाखवितो. सहकारी संस्थेतील सभासद या कसोटीस उतरतात, कारण प्रत्येक सभासद दुसऱ्याचा सहसभासद असतो.

गावातला शेतकरी ‘सोसायटी’ म्हणतो, पाटीवर ‘को-ऑप.’ असते आणि अधिनियमात ‘सहकारी संस्था’. तिन्ही शब्दांनी वस्तू एकच दाखविली जाते. परंतु कायद्याचा वा करारनाम्याचा अनुवाद करताना ‘सह-’ वाचून बरोबरीचा हक्क गृहीत धरणे, अथवा तो नाकारणे, दोन्ही धोक्याचे आहे. हक्क कलमात शोधावा. उपसर्गाने त्याची दिशा तेवढी कळते.