दोन खोल्या, चार वर्ग

बालभारतीच्या पुस्तकात ठिपक्यांचा जो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, त्याच्याखाली सहा अक्षरं-आकड्यांचा एक संकेतांक असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या काचेला चरे पडलेले असले की चौकोन वाचला जात नाही. अशा वेळी तो संकेतांक ‘दीक्षा’ ॲपमध्ये टाइप केला, की तोच पाठ उघडतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात पडद्यावर पुष्कळ काही दाखवलं जातं. वर्गात हाताशी येते ती बहुतेकदा अशीच एखादी बारीक गोष्ट.

असे वर्ग पाहायचे तर सिन्नर तालुक्यात जावं. सिन्नर नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, पुणे रस्त्यावर. शहराजवळ मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती. पूर्वेला वावीच्या बाजूला गेलं की पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख आणि विखुरलेल्या वस्त्या. वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा पहिली ते चौथीची, दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकेकाकडे दोन-दोन इयत्ता आणि एक जण पंचायत समितीत बैठकीला गेला, की चारही वर्ग दुसऱ्याकडे.

तंत्रज्ञानाची खरी परीक्षा या खोलीत होते. तिसरीला भागाकार समजावून सांगायचा, तर तेवढा वेळ चौथीने काय करायचं? रेंज असलेल्या ठिकाणी आदल्या दिवशी पाठ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेतला असेल, तर चौथीची मुलं टीव्हीसमोर बसतात आणि बाई तिसरीच्या घोळक्यात काड्यांचे गठ्ठे सोडायला बसतात. पण टीव्ही लावून दिला की काम झालं, असं होत नाही. व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा हवा, कुठे थांबवायचा ते आधी ठरलेलं हवं आणि थांबल्यावर मुलांनी वहीत काय करायचं, तेही फळ्यावर लिहिलेलं हवं. अर्धा तास अखंड चालणाऱ्या चित्रफितीसमोर मुलं शांत बसतात, पण त्या शांततेला शिकणं समजण्याची चूक फार सहज होते.

महाराष्ट्रात वर्गात तंत्रज्ञान आणण्याच्या कामाला वेग आला तो गेल्या दशकात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही आले, आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात रुळला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं त्यांनी जाहीर केलं. ‘दीक्षा’ सप्टेंबर 2017 मध्ये आली. कोरोनाकाळात शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्याच ॲपवर गेलं: 18 घटक आणि शेवटी प्रमाणपत्र.

प्रमाणपत्र मिळतं, हात मात्र वळत नाही. हात वळतो तो केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शेजारच्या शाळेतला सहकारी जवळ बसला की. तिथेही शिकवणाऱ्या सुलभकाने एक पथ्य पाळायला हवं: समोरच्याचा मोबाइल स्वतःच्या हातात घ्यायचा नाही. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या गुरुजींना यंत्र बिघडेल ही धास्ती असते, शिवाय तरुण सहकाऱ्यांसमोर अडखळायचा संकोच. कुणी झटकन ‘द्या, मी करतो’ म्हटलं, की ते काम कायमचं त्याच्याकडे जातं. त्यापेक्षा त्यांच्याच बोटांनी, त्यांच्याच इयत्तेचा, उद्या शिकवायचा एक पाठ उघडून घ्यावा. याच गुरुजींकडे मुलाची चूक नेमकी कुठे होते ते ओळखणारी नजर असते. व्हिडिओ कुठे थांबवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

अडचणी साध्या आहेत आणि म्हणूनच चिवट. वीज जाते. बिल थकलं तर जोडणीच तुटते. इन्व्हर्टरची बॅटरी उतरते आणि ती बदलायचे पैसे कुणाच्याच खात्यात नसतात. वस्तू घेताना फीत कापायला गाव जमतं. दुरुस्तीच्या वेळी मुख्याध्यापक एकटे असतात.

त्याहून मोठी अडचण बदलीची. शाळेतला तंत्रस्नेही शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला, की टीव्हीवर कापड पडतं, कारण सगळी माहिती त्याच्या डोक्यात असते. त्यामुळे प्रशिक्षणाला एकाच शाळेतले दोघे मिळून जायला हवेत. आणि कपाटात हजेरीपटाशेजारी एक साधी दोनशे पानी वही हवी: कोणती वायर कुठे लागते, चौथीचे पाठ कोणत्या पेनड्राइव्हवर आहेत, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली, कोणत्या व्हिडिओला मुलं कंटाळली आणि कोणता त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.