विरुद्ध पडलेलें एक मत

आमचें घर अद्याप एकत्र आहे. चूल एक, देवघर एक आणि खर्चाची वहीही एकच. गेल्या माघांत धाकट्या वहिनींच्या मुलाच्या मुंजीचा बेत ठरविण्यासाठीं सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमली होती. दादांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, कार्यालयाचें भाडें, जेवणाचीं तीनशें पानें, आहेर असा सारा अंदाज वाचून दाखविला आणि आम्हीं सर्वांनीं माना डोलाविल्या. तेव्हां दारापाशीं उभ्या असलेल्या धाकट्या वहिनी म्हणाल्या, “दादा, मुंज घरींच देवापुढें करूं या. उरेल तो पैसा तुमच्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाला लावूं.” ज्या मुलाची मुंज, त्याच्याच आईनें असें म्हणावें, हें कोणाच्या ध्यानीमनीं नव्हतें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग दादा एवढेंच म्हणाले, “लोक काय म्हणतील?” आणि विषय तेथेंच संपला.

वहिनींचें म्हणणें मला पूर्ण पटलें होतें. परंतु मी गप्प बसलों.

मुंजीच्या आदल्या दिवशीं, घरीं उतरलेल्या पाहुण्यांसाठीं भाजी आणावयास मी वहिनींबरोबर मंडईंत गेलों. सकाळची वेळ होती. अळू, लाल भोपळा, कोथिंबीर, केळीचीं पानें, एकेक जिन्नस त्या पारखून घेत होत्या. ज्या थाटाला त्यांनीं विरोध केला होता, त्याच्याच तयारींत त्यांच्याकडून तिळभरही कुचराई होत नव्हती. पिशव्या सांभाळीत मी त्या उंच मनोऱ्याखालीं उभा राहिलों आणि इमारतीच्या नांवाकडे माझी दृष्टि गेली : महात्मा फुले मंडई. हें नांव जन्मभर वाचीत आलों. त्या दिवशीं मात्र तें वाचून मी मनांतल्या मनांत ओशाळलों.

या नांवाचा इतिहास पुणेकरांनाही पुष्कळदां ठाऊक नसतो. पूर्वीं शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या मैदानांत भरत असे. त्याला पक्कें छप्पर असावें म्हणून नगरपालिकेनें शुक्रवार पेठेंत ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत उभारली. १८८६ सालीं ती खुली झाली आणि त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला मिळालें. पुढें आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेंत असतांना, जोतीराव फुल्यांच्या निधनानंतर सुमारें अर्धशतकानें, तें नांव बदलून महात्मा फुल्यांचें नांव देण्यांत आलें. यांतील मौज अशी कीं, मंडईसाठीं एवढा मोठा खर्च करण्यास ज्यांनीं विरोध केला, त्यांत स्वतः फुले होते!

१८७६ पासून १८८२ पर्यंत जोतीराव पुणें नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची स्वारी पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव सभेपुढें आला. त्या वेळीं बत्तीस सभासद होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें म्हणून ठरावाविरुद्ध मत देणारे एकटे जोतीराव निघाले. मंडईच्या इमारतीच्या बाबतींतही त्यांचा मुद्दा हाच होता. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें अशी मागणी त्यांनीं केली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांचा विरोध केवळ विरोधासाठीं नव्हता हें कोणीही कबूल करील. ते हरले, ठराव झाले, इमारतही झाली. परंतु हरल्यामुळें ते सभेंतून रुसून उठून गेले नाहींत, आणि सर्वांचें मत एक पडलें म्हणून आपलें मत त्यांनीं गिळूनही टाकलें नाहीं.

व्यक्ति, कुटुंब आणि समाज यांचें नातें काय असावें, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. कोणी म्हणतो, व्यक्तीनें समाजासाठीं झिजावें. कोणी म्हणतो, समाज व्यक्तीच्या सुखासाठींच आहे. या वादांत कुटुंबाचा विचार बहुधा मागें पडतो. वास्तविक खरी कसोटी कुटुंबाचीच असते, असें जोतीरावांच्याच चरित्रावरून मला वाटतें.

मंडईपासून चालत कांहीं मिनिटांच्या अंतरावर, बुधवार पेठेंतील भिडेवाड्यांत, १८४८ सालीं जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. शहरांत गहजब उडाला. पण त्या गहजबाची शिक्षा या दांपत्याला कोणीं केली? कोणत्याही न्यायसभेनें नव्हे. लोकांनीं जोतीरावांच्या वडिलांवर, गोविंदरावांवर, दडपण आणलें. आणि गोविंदरावांनीं मुलाला व सुनेला सांगितलें कीं, शाळा सोडा, नाहीं तर घर सोडा. १८४९ सालीं त्या दोघांनीं घर सोडलें. गोविंदरावांना दुष्ट म्हणण्याचें कारण नाहीं. आईवेगळ्या मुलाला त्यांनींच वाढविलें आणि शिकविलें होतें. ते भ्याले, इतकेंच. समाज एकट्या माणसाला स्वतःच्या हातानें क्वचितच शिक्षा करतो. ती तो त्याच्या घरच्यांच्या हातून करवून घेतो. “लोक काय म्हणतील?” हे शब्द लोक फारसे उच्चारीत नाहींत, ते घरांतल्या घरांतच उच्चारले जातात.

म्हणून कुटुंबाला दोनच भूमिका शक्य आहेत. तें समाजाच्या हातांतील काठी होईल, नाहीं तर व्यक्तीच्या डोक्यावरचें छप्पर होईल. तात्यासाहेब भिड्यांनीं आपला वाडा शाळेसाठीं दिला, सदाशिवराव गोवंडे जोतीरावांच्या पाठीशीं मित्र म्हणून उभे राहिले. हीं माणसेंही त्याच शहराच्या त्याच आळ्यांत राहात होतीं आणि त्यांनाही सोयरेधायरे होते. लोकापवादाचें भय त्यांना नसेल असें नाहीं. पण त्यांनीं छप्पर होणें पत्करलें.

घरांतून निघालेल्या जोतीरावांनीं कुटुंबसंस्थेचा तिटकारा केला नाहीं, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८६३ सालीं त्यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें आणि पुढें एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेऊन त्याला यशवंत हें आपल्या घरचें नांव दिलें. १८९७ च्या प्लेगांत याच मुलाच्या बरोबरीनें रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाईंनीं देह ठेवला. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’ंत त्यांनीं अशा एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे कीं, ज्यांतील एकानें बौद्ध व्हावें, एकानें ख्रिस्ती, एकानें मुसलमान आणि एकानें सत्यधर्मी. आणि तरीही सर्वांनीं एकमेकांचा द्वेष न करतां एकत्र नांदावें. एकत्र कुटुंबाची याहून कठीण आणि याहून उदार व्याख्या माझ्या वाचनांत नाहीं. चूल एक असण्यासाठीं मत एक असावें लागत नाहीं!

समाजाचीही बाजू सांगितली पाहिजे, कारण ती केवळ दडपणाची नाहीं. त्याच मंडईपुढें लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ सालीं पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. देवघरांतला गणपति १८९३ पासून चौकांत आणून टिळकांनीं घरोघरच्या भक्तीला सार्वजनिक रूप दिलें, आणि मंडईचा शारदा-गजानन त्याचीच साक्ष आहे. टिळकांचे आणि फुल्यांचे मार्ग किती तरी बाबतींत परस्परविरुद्ध होते. तथापि १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हां जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनीं दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मतभेदांतही एकमेकांना सांभाळून घेण्याची ही रीत जेथें असते, तेथेंच समाज या नांवाला अर्थ असतो. ज्याचें मत फेटाळलें, त्याचेंच नांव त्याच इमारतीला देण्याचा मोठेपणा या शहरानें उशिरा कां होईना दाखविला. २०२४ पासून मंडईच्या नांवाचें भुयारी मेट्रोचें स्थानकही झालें आहे. वर भाजीचे गाळे आहेत. शेजारीण जरा उठून गेली तर तिच्या गिऱ्हाइकाला भाव सांगणारी बाई आजही तेथें दिसते.

आतां उरली व्यक्ति. हल्लीं स्वतंत्र मत म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड, अशी एक समजूत आहे. मनासारखें झालें नाहीं कीं अंग काढून घेणें सोपें असतें. परंतु ज्या सभेंत आपण हरलों, त्याच सभेंत दुसऱ्या दिवशीं कामाला येणें, हें स्वातंत्र्याचें अधिक अवघड रूप आहे. कोथिंबिरीच्या जुड्या पारखणाऱ्या वहिनींकडे पाहतांना हें मला उमगलें. मीं त्यांना विचारलें, “वहिनी, राग नाहीं आला?” त्या म्हणाल्या, “आला तर! पण भाऊजी, घर माझेंच आहे ना? बोलायचें तें बोललें. उद्यां पुन्हां बोलेन.” मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, “तुम्हांलाही पटलें होतें, हें मला ठाऊक आहे.”

याला मजजवळ उत्तर नव्हतें. विरुद्ध पडलेल्या एका मताला दुसऱ्याची जोड मिळती, तर ठराव बदलला असताच असें नाहीं. परंतु वहिनी एकट्या पडल्या नसत्या.

मुंज ठरल्याप्रमाणें कार्यालयांत झाली. जेवणें उत्तम झालीं आणि लोकांनीं वाखाणणीही केली. पुतणी मात्र बँकेचें कर्ज काढून बाहेरगांवीं शिकावयास गेली. ती गेली त्या रात्रीं, पानें वाढलेलीं असतां, मीं मंडईच्या नांवाची ही हकीकत दादांना सांगितली आणि बैठकींत मी गप्प बसलों याची कबुलीही दिली. दादा कांहीं बोलले नाहींत. ताक-भात संपवून ते उठले.

पुढें गणपतीच्या खर्चासाठीं पुन्हां बैठक बसली. दादांनीं वही उघडली, चष्मा पुसला आणि अंदाज वाचण्यापूर्वीं दाराकडे पाहून धाकट्या वहिनींना म्हणाले, “तेथें उभी राहूं नकोस. पुढें येऊन बैस. आज तुझें आधीं सांग.” त्या वर्षीं आमच्या आराशीचा खर्च निम्म्यावर आला, आणि पुतणीच्या कर्जाचें व्याज त्या महिन्यापासून घरच्या सामाईक वहींत पडूं लागलें.