सपाट रानाला लांब पट्टा कशाला?

स्नोमोबिलच्या शोरूममध्ये प्रत्येक गाडीच्या नावापुढे एक आकडा असतो : १२९, १३७, १४६, १५४, १६५. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, इंजिनाच्या ताकदीचा असेल. तो असतो पट्ट्याच्या लांबीचा. गाडीच्या पोटाखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचा, म्हणजे ट्रॅकचा, इंचांमध्ये मोजलेला पूर्ण घेर. गुलमर्गला किंवा सोलंगला ‘स्नो स्कूटर’ची एक फेरी मारून आलेल्या आपल्याकडच्या पर्यटकाला या आकड्याशी काही देणंघेणं नसतं, गाडी भाड्याची, फेरी काही मिनिटांची. मिनेसोटात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने मात्र स्वतःची गाडी घ्यायचं मनावर घेतलं, की पहिला पेच याच आकड्याचा पडतो. बहुतेकांचा कल तेव्हा ‘थोडी लांबच घेऊ, कमी पडायला नको’ असा असतो. सपाट मुलखात हाच कल महागात पडतो.

खरं तर या वाहनाच्या इतिहासात सपाट जमिनीचा मोठा वाटा आहे. क्युबेकमधल्या वालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं. त्याआधी तीन वर्षं, १९३४ च्या हिवाळ्यात, बर्फामुळे दवाखान्यात नेता न आल्याने त्यांचा लहान मुलगा दगावला होता. एका-दोघांनी बसायची हलकी स्की-डू त्यांनी बाजारात आणली ती १९५९ मध्ये. पण त्याच्या काही वर्षं आधीच मिनेसोटाच्या वायव्य टोकाला, रोझो या गावात, पोलारिस कंपनीची पहिली गाडी तयार झाली होती. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एडगर हेटीन यांनी पुढे जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये आर्क्टिक कॅट या दुसऱ्या कंपनीचा पाया घातला. ही दोन्ही गावं अगासिझ नावाच्या एका प्रचंड हिमयुगीन सरोवराच्या तळावर वसलेली आहेत. सरोवर हजारो वर्षांपूर्वी ओसरलं आणि मागे उरली ती रेड नदीच्या खोऱ्यातली नजर पोचेल तिथवर सपाट, काळी, सुपीक जमीन. गव्हाची आणि शुगरबीटची शेतं, मधूनच एखादी झाडांची रांग, बाकी मोकळं.

अशा रानात बर्फ पडतो, पण पडला तिथे राहत नाही. अडवायला काही नसल्याने वारा तो शेतांवरून खरवडून नेतो आणि रस्त्याकडेच्या चरांत, कुंपणांच्या आडोशाला दाबून बसवतो. शेतात काही बोटं जाडीचा कडक थर आणि त्यातून डोकावणारं धसकट, तर चरात कंबरभर घट्ट बर्फ, असा तिथला हिवाळा. म्हणून तिथले लोक गाडी चालवतात ती चरांतून, गोठलेल्या तळ्यांवरून आणि क्लबांनी यंत्राने सपाट करून ठेवलेल्या वाटांवरून. एकट्या मिनेसोटात अशा वाटा २२ हजार मैलांहून जास्त आहेत. डोंगरातल्या घळीत साठतो तसा छातीभर भुसभुशीत बर्फ इथे क्वचितच वाट्याला येतो.

लांब पट्टा हे त्या भुसभुशीत बर्फावरचं उत्तर आहे. पट्टा जितका लांब, तितका भार जास्त जागेवर वाटला जातो आणि गाडी कमी रुतते. पण घेर आठ इंचांनी वाढला, तरी जमिनीला टेकणारी लांबी वाढते साधारण चार इंच. उरलेले चार वरच्या बाजूला जातात. १३७ वरून १६५ वर गेलं, तर मागे सुमारे चौदा इंच पट्टा जास्त टेकतो. डोंगरात या चौदा इंचांवर माणूस घरी परततो. कडक वाटेवर त्यांना काही कामच नसतं. तिथे १३७ ची गाडीसुद्धा माणसासकट चौरस इंचाला पौंडभर दाब देत नाही. उभ्या माणसाच्या पावलाखाली याच्या कितीतरी पट दाब असतो. रुतण्याची भीती नसताना लांबी घेतली, की तिचे तोटे तेवढे उरतात. वजन वाढतं, पट्टा फिरवण्यात ताकद खर्च होते आणि वळणावर गाडी हट्टी होते. हँडल वळवलं तरी मागचा लांब पट्टा गाडीला सरळच रेटतो आणि पुढच्या स्की नुसत्या घसरतात.

मग सगळ्यात आखूडच का घेऊ नये? एकेकाळी १२१ इंचांचा पट्टाच सर्रास असायचा आणि वळणांवर तो झकास चालायचा. अडचण यायची शनिवारी दुपारी. सकाळपासून शेकडो गाड्या जाऊन गेलेल्या वाटेवर, विशेषतः वळणाच्या अलीकडे ब्रेक लागतात तिथे आणि पलीकडे वेग घेतात तिथे, एकामागोमाग एक खड्डे-उंचवटे तयार होतात. आखूड पट्टा प्रत्येक खड्ड्यात उतरतो, प्रत्येक उंचवट्यावर चढतो आणि त्याचा जाब कंबर देते. १३७ चा पट्टा दोन उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकून मधला खड्डा ओलांडून जातो. १२९ आणि १३७ यांत मागे फरक फक्त चार इंचांचा, म्हणजे दहा सेंटिमीटरचा, पण खडबडीत वाटेवर तो जाणवतो. म्हणून ढोबळ हिशेब असा : नागमोडी, नीट राखलेल्या जंगलवाटा आणि चपळ गाडीची आवड असेल तर १२९, चर, तळी, लांब पल्ला आणि खडबडीत वाटा असतील तर १३७, वाट सोडून झुडपांत, ताज्या बर्फात शिरायची वारंवार सवय असेल तर १४४ किंवा १४६. त्यापुढचे आकडे सपाटीवरच्या माणसाने ब्रोशरमध्ये पाहावेत.

लांबीइतकीच महत्त्वाची गोष्ट असते लग, म्हणजे पट्ट्यावरच्या रबरी दात्यांची उंची. वाटेसाठी एक ते सव्वा इंच पुरते, फार तर दीड. डोंगरी गाड्यांना ती अडीच-तीन इंच असते. आपल्याकडे चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात, तीच डांबरी सडकेवर नेली तर सडकही जाते आणि चाकही. उंच लगांचं कडक बर्फावर तेच होतं. ते वाकतात, तापतात, मुळाशी चिरतात आणि एकेक करून तुटतात.

आता खाली वाकून गाडीचं पोट पाहू. पट्टा ज्या दोन रुळांखालून सरकतो त्यांना खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. चालवणारे त्यांना हायफॅक्स म्हणतात. त्यांना वंगण म्हणून तेल नसतं, उडणारा बर्फच असतो. बहुतेक नव्या गाड्यांच्या इंजिनाचं पाणीही पोटाखालच्या नळ्यांतून फिरतं आणि पट्ट्याने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं. उघड्या काचेसारख्या तळ्यावर किंवा वाऱ्याने साफ केलेल्या वाटेवर बर्फ उडतच नाही. काही मैलांत तापमानाचा दिवा लागतो आणि हायफॅक्स वितळायला लागतात. यावरचा इलाज स्वस्त आहे : स्क्रॅचर. रुळांना अडकवलेल्या या स्प्रिंगच्या तारा मागे ओढल्या जात बर्फ खरवडतात आणि त्याचा चुरा पट्ट्यावर, नळ्यांवर उडवतात. सपाट मुलखात गाडी घेताना पट्ट्याच्या लांबीआधी स्क्रॅचर आहेत का, हे विचारावं. वर्षानुवर्षं कमीच बर्फ पडणाऱ्या भागात साध्या पंख्याने थंड होणारं जुन्या धाटणीचं इंजिनही शहाणपणाचं ठरतं.

इंजिनाच्या बाबतीत डोंगराचं गणित सपाटीवर लावलं, की फसगत होते. हवा विरळ होत जाते तशी साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवर जाणाऱ्याची तीस टक्के ताकद वाटेतच गळते. त्याला ८५० सीसी किंवा टर्बो लागतं ते यासाठी. रोझो समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर आहे. तिथे ६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आपली सव्वाशेच्या आसपासची अश्वशक्ती जवळपास पूर्ण देतं, आणि मिनेसोटात वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी ५० मैल आहे. दिवसाला शंभर-दीडशे मैल कापणाऱ्यांनी फोर-स्ट्रोक पाहावं : जड असतं, पण आवाज कमी, पेट्रोलची बचत आणि टू-स्ट्रोकसारखा तेलाचा वास नाही. डोंगरी गाडीचं आणखी एक वैशिष्ट्य इथे आड येतं. तिच्या स्की जवळजवळ असतात, कारण उतारावर ती कलती करून चालवायची असते. सपाट वळणावर तीच गाडी उलटेल की काय असं वाटत राहतं. वाटेवरच्या गाडीच्या स्की म्हणूनच रुंद अंतरावर बसवतात.

तळ्यावरच्या बर्फासाठी पट्ट्यात पोलादी खिळे ठोकून घेणारे बरेच असतात. ब्रेक लागतो, पकड येते. पण मागची पकड वाढली की त्या मानाने स्कीखालच्या कार्बाइडच्या धारदार पट्ट्याही वाढवाव्या लागतात, नाहीतर गाडी वळायचं नाव घेत नाही. खिळे लावून पक्क्या डांबरी सार्वजनिक वाटांवर जायला मिनेसोटात बंदी आहे, हेही आधी माहीत असलेलं बरं. तळ्यावर उतरण्यापूर्वी स्वच्छ, घट्ट बर्फाची जाडी किमान पाच ते सात इंच मोजून पाहावी. चरातून जाताना शेतात शिरायला टाकलेले मातीचे भराव बर्फाखाली दडलेले असतात. जोराने आलेली गाडी त्यांवरून हवेत उडते. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना तर सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय मिनेसोटात गाडी चालवताच येत नाही.

एवढं सगळं पटूनही १५४ इंची गाडीकडे हात वळतो, कारण मनात कुठेतरी मोंटानाची किंवा वायोमिंगची सहल असते. ती सहल वर्षातून एकदा, चार दिवसांची. बाकीचा सगळा हिवाळा आपल्याच गावच्या चरात जाणार असतो. त्या चार दिवसांसाठी वेस्ट यलोस्टोनसारख्या ठिकाणी गाडी भाड्याने मिळते, आणि झाडावर आपटली तरी ती आपली नसते. स्वतःच्या गॅरेजमध्ये सव्वा इंच लगांची १३७ असावी आणि तिला स्क्रॅचर लावलेले असावेत.