वेण्णा तलाव व माल्कम पेठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाबळेश्वरच्या वारशाचा विचार करताना माल्कमचे नाव प्रथम घेतले जाते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२९ च्या सुमारास, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात दिलेल्या भूमीवर बंगल्यांची ही वसाहत वसली व ‘माल्कम पेठ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस धाडले. पुढे त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधविला. आज तो नौकाविहारासाठी प्रसिद्ध असला, तरी वस्तुतः पाण्याची सोय हा त्यामागील हेतू होता. बंगल्यांची इंग्रजी नावे पर्यटक कौतुकाने वाचतात. तलावाकाठी मात्र आप्पासाहेबांचे स्मरण क्वचितच होते, ही बाब प्रस्तुत लेखिकेस खटकते.