दुधाचे दात, सुकलेली नाळ आणि रक्ताचा थेंब

पडलेला दुधाचा दात कौलांवर भिरकावण्याची आपली रीत मला हल्ली चक्क उधळपट्टी वाटते. दुधाचा दात थोडा आईच्या पोटात घडतो, उरलेला जन्मानंतरच्या महिन्यांत. त्या काळात आईच्या आणि बाळाच्या अंगात जे गेलं, त्याचा अंश दातात कायमचा बसून राहतो.

हे ओळखलं ते अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या लोकांनी. अणुबाँबच्या चाचण्यांमधून उडालेलं स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर पडे, तिथून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जाई. शरीर त्याला कॅल्शियम समजून ठेवून घेतं. १९५८ साली काही शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि गृहिणींनी पडलेले दात गोळा करायला घेतले. काम सांभाळत होत्या डॉ. लुईस रीस. दात पाठवणाऱ्या प्रत्येक मुलाला बिल्ला मिळे: ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’. बिल्ल्यासाठी मुलं दात हलवून हलवून पाडत असणार, अशी मला दाट शंका आहे! १९७०पर्यंत सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले. पहिले निष्कर्ष १९६१मध्ये छापून आले, तेव्हाच दिसत होतं की नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम चढत गेलंय. एकदा रीसबाईंच्या घरी फोन वाजला, मुलानं उचलला, तर पलीकडून खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी. १९६३मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्याचं सगळं श्रेय दातांना देणार नाही, पण थोडं द्यायलाच हवं.

पुढे १९७९मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे असेच दात तपासले, यावेळी शिशासाठी. वरून ठणठणीत दिसणारी मुलं, पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गातलं लक्षही कमी.

आणि जपानमधलं मिनामाता! तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातलं पाऱ्याचं संयुग खाडीत, खाडीतून मासळीत आणि मासळीतून कोळ्यांच्या घरांत शिरलं. १९५६मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, तोवर उशीर झाला होता. मागच्या वर्षांचं मोजमाप आता कुठून आणायचं? जपानी घरांत बाळाची सुकलेली नाळ छोट्या पेटीत जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या नाळा मागितल्या. कुणाची नाळ कुठल्या सालची, हे घरच्यांना ठाऊक होतंच. १९७५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत कारखान्याचं उत्पादन आणि नाळेतला पारा यांचे चढउतार जुळत गेले. आपण नाळ पुरून टाकतो. असो.

आता डहाणू-तलासरी. अशीच तपासणी मला इथल्या माणसांची व्हायला हवी आहे. पार्श्वभूमी एका दमात सांगते: २० जून १९९१च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांना जेमतेम ५०० एकरांची मुभा मिळाली आणि सभोवार २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा सांगितला गेला. ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र तरीही उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर पर्यावरण-रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते २०१९मध्ये निधन होईपर्यंत सांभाळलं, आणि त्याच्या रेट्यामुळे चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. मात्र दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तिला ९३.६९ गुण मिळून ती देशात पहिली आली. उत्तरेला आच्छाडचा नाका ओलांडला की उंबरगाव आणि वापी.

घोलवडच्या एका वाडीवाल्या काकांनी मला चिकूचा मोहोर, राख आणि वारा यांवर तासभर ऐकवलं. चिकूची एवढी बारीक नोंद ठेवणारा हा गृहस्थ माणसांच्या अंगात काय साठतं याच्या नोंदीचं नाव निघालं, तेव्हा नुसता हसला.

अशी नोंद आपल्याकडे मुंबईत झालेली आहे. १९९८-९९च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं बोट टोचून रक्तातलं शिसं मोजलं गेलं. अशा १,०८१ मुलांच्या आकड्यांचं पुढे विश्लेषण झालं. सुमारे तीन चतुर्थांश मुलांमध्ये डेसिलिटरमागे ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. अमेरिकेत २०२१पासून साडेतीनलाच दखल घेतात. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते देशभर २०००मध्ये गेलं. रंग, जुन्या बॅटऱ्या आणि भंगारातून ओतलेली भांडी मात्र राहिली.

एकट्या मुलाचं रक्त अर्धीच हकिकत सांगतं, म्हणून माझा आग्रह सबंध घर तपासण्याचा आहे. आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं गरोदरपणात सुटतं आणि वारेतून बाळाकडे जातं. मलेरियासाठी भिंतींवर फवारलेलं डीडीटी चरबीत मुरतं आणि अंगावरच्या दुधात उतरतं. (म्हणून दूध तोडू नये. त्याचे फायदे कितीतरी मोठे.) बाप कामाचे, धूळ बसलेले कपडे घालूनच घरी येतो. २००५मध्ये युरोपातल्या १२ देशांतल्या १३ कुटुंबांत आजी, आई आणि नातवंडं अशा तीन पिढ्यांचं रक्त तपासलं गेलं. एकूण ७३ रसायनं सापडली: आज्यांमध्ये ६३, आयांमध्ये ४९ आणि मुलांमध्ये पुन्हा ५९. आजीच्या अंगात जुनी कीटकनाशकं, तर नातवंडांच्या अंगात नव्या घरगुती वस्तूंमधली रसायनं.

तलासरीत मी आधी शिसं मोजीन. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त ओढून घेतं, त्यामुळे कुपोषित पोराला एकाच धुळीतून दुप्पट मार बसतो. किनाऱ्यावरच्या मांगेले मच्छीमारांच्या घरी केसांतला पारा तपासीन, कारण मासळीतून आलेला पारा केस बरोबर सांगतात. म्हाताऱ्यांमध्ये डीडीटी.

उधव्याकडच्या एका आशाताईंनी मला आधीच बजावलं, “ताई, रगत नेतात, पण कागुद परत येत नाय. मग दुसऱ्यांदा कोण हात देल?” रिपोर्ट घरी जाऊन, माणसाच्या बोलीत समजावून द्यायचा, ही अट मला यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते.

आणखी एक अडचण आहे, तिचा विचार युरोपातल्या पाहणीला करावा लागला नसेल. इथली कितीतरी घरं दिवाळी झाली की कुलूपबंद होतात. उचल घेतलेली असते, सबंध कुटुंब वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातं. कोळशाच्या धुरात पोरंही तिथेच वाढतात, आणि आगोटीला मंडळी परततात. अशा घराचा पत्ता तलासरीचा, पण श्वास सहा-सात महिने दुसरीकडचा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे ऑक्टोबरात घेतलेला थेंब भट्टीबद्दल फारसं काही सांगणार नाही. थेंब दोनदा घ्यावा लागेल: एकदा निघण्याआधी, एकदा परतल्यावर आठवड्याच्या आत. आणि फॉर्मवर गाव, पाडा, तालुका यांच्याखाली आणखी एक रकाना लागेल: भट्टी कुठली, मुकादम कोण.